‘गळ्यात मारलं’ या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर,

आमच्या घड्याळाच्या दुकानातून घेतलेल्या स्मार्टवॉचबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. तुम्हाला आणि तुमच्या वडिलांना त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पस्तीस मिनिटं ताटकळावं लागलं, हे खरं आहे. वडिलांना बसायला स्टूल द्यायला हवं होतं, तेही सुचलं नाही. चूक आमची.

पुढचं लिहावं की नाही, यात दोन दिवस गेले. घरातून सांगणं झालं, "सॉरी म्हणा आणि विषय संपवा." पण दुकान साताऱ्यासारख्या गावात आहे, इथे एकाने लिहिलेलं दहा जण वाचून दाखवतात. काल एक जुने गिऱ्हाईक सेल बदलायला आले आणि हसत हसत म्हणाले, "काय, आता म्हाताऱ्यांना फसवायला लागला का?" ते चेष्टेत बोलले, मला मात्र जेवण गेलं नाही.

तुमच्या तक्रारी चार आहेत. घड्याळ बीपी चुकीचं दाखवतं, काचेच्या आत वाफ धरली, ऑनलाइनपेक्षा पैसे जास्त घेतले, आणि शेवटचं वाक्य, "वयस्कर माणूस बघून दुकानदाराने तासभर प्रवचन दिलं आणि नको असलेलं घड्याळ गळ्यात मारलं." पहिल्या तिन्हींवर बोलू. चौथं मला झोपू देत नाही. आणि सर, प्रवचन दिलं आणि गळ्यातही मारलं, ही दोन्ही कामं एका संध्याकाळी कशी होतील? प्रवचन तर घड्याळ घेऊ नका, याचंच चाललं होतं.

तुम्ही विसरला असाल, म्हणून सांगतो. तुम्ही म्हणालात, "बाबांचं बीपी रोज बघायला चांगलंसं स्मार्टवॉच दाखवा." मी म्हणालो, बीपीसाठी असेल तर घड्याळ नकाच घेऊ. मेडिकलमध्ये दंडाला पट्टा बांधायचं मशीन मिळतं, ते घ्या. माझ्याकडे ते मशीन नाही, म्हणजे त्यात माझा एक रुपयाचा फायदा नव्हता. मग तुम्ही खोक्यावरचं चित्र दाखवलंत, त्यावर बीपी लिहिलंय म्हणालात. तेव्हा मी घड्याळ उलटं करून मागचा हिरवा दिवा दाखवला. तो उजेड कातडीवर पडतो, रक्ताच्या प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड जरा कमी-जास्त होतो, आणि त्यावरून नाडी मोजली जाते. शांत बसलं असताना नाडी बऱ्यापैकी बरोबर येते. पण दंड आवळल्याशिवाय, नुसत्या उजेडावरून रक्ताचा दाब सांगायचा म्हणजे दोन हजारांच्या घड्याळात तो अंदाजच. सॅमसंगच्या ज्या महागड्या घड्याळांत बीपीची सोय आहे, तीसुद्धा दर 28 दिवसांनी पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावी लागतात. म्हणजे मशीन घरात लागतंच.

तरी तुमचा विश्वास बसेना, म्हणून मी ते घड्याळ काउंटरवरच्या पाण्याच्या बाटलीला बांधलं. बाटलीचं बीपी 117/76 आलं. दुकानात सगळे हसले, तुमचे वडील सगळ्यात जास्त. "हिची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे" असं तेच म्हणाले. एवढं झाल्यावर दोन आठवड्यांनी रिव्ह्यूत "बीपी चुकीचं दाखवतं" हे वाचायला मिळालं, तेव्हा काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

शेजारी उभ्या असलेल्या काकूंनी साखरेचं विचारलं होतं. त्यांनाही तेच सांगितलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध खात्याने, फेब्रुवारी 2024 मध्ये लोकांना सावध केलंय, की सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळावर किंवा अंगठीवर विसंबू नका, अशा एकाही वस्तूला आम्ही मान्यता दिलेली नाही. त्या बातमीचं कात्रण काउंटरच्या काचेखाली आहे. गळ्यात मारायचं असतं तर मी ते कात्रण तिथे ठेवलं असतं का? गल्ल्याखाली सरकवलं असतं.

मग घड्याळ घेतलं कशाला? तर तुमच्या वडिलांनीच सांगितलं. ते रोज सकाळी चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला जातात, फोन पिशवीत असतो, तो वाजलेला कळत नाही आणि मग घरी बोलणी बसतात. मनगटावर थरथरलं तर कळेल. शिवाय पावलं मोजता येतील. यावर मी म्हणालो, एवढ्यासाठी असेल तर ठीक आहे, घ्या. फोन दहा-बारा पावलांच्या आत हवा, कॉल घड्याळावरून जास्त घेतलेत तर आठवड्याची बॅटरी दोन दिवसांवर येईल, हेही सांगितलं. त्यांनी गोल डायल पसंत केली. चौकोनी नको, ती पाटीसारखी दिसते म्हणाले. पसंत त्यांची, पैसे तुमचे.

इथे एक गोष्ट कबूल करतो, कारण लपवून उपयोग नाही. रिव्ह्यू वाचल्यावर दुकानात कामाला असलेल्या माझ्या भाच्याला समोर बसवून विचारलं. मी आत बिलाला गेलो तेव्हा तो तुमच्या वडिलांना म्हणाला होता, "आजोबा, आता सारखं डॉक्टरकडे जायला नको." त्याने मान खाली घातली. तो एकोणीस वर्षांचा आहे, व्हिडिओ बघून बोलतो. तरी वाक्य माझ्याच दुकानात बोललं गेलं, त्यामुळे जबाबदारी माझी. त्याला समज दिली आहे. वडिलांच्या गोळ्या चालू असतील तर कृपया डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका, हे एवढं मात्र हात जोडून सांगतो.

आता पैशांचं. किंमत 2,299 होती. तुम्ही काउंटरला टेकून फोनवर 1,999 दाखवलेत, मी 2,100 ला दिलं. त्यातले 320 रुपये जीएसटीचे. उरलेल्यात कंपनीची खरेदी, भाडं, लाइट आणि भाच्याचा पगार. फोनमधल्या दुकानाने तुमच्या वडिलांच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकून, मराठी भाषा लावून, पट्ट्याचं भोक मोजून दिलं नसतं. त्यालाच वीस मिनिटं गेली, आणि ती वीस मिनिटं तुमच्या पस्तीस मिनिटांतच मोजली गेली आहेत, हे सहज सांगितलं. गर्दीत दुसरं गिऱ्हाईक सोडून मी ते करत होतो.

वाफेचं सांगताना जरा अवघडल्यासारखं होतंय. अकराव्या दिवशी तुम्ही घड्याळ घेऊन आलात तेव्हा मागच्या सेन्सरच्या खोबणीत उटणं होतं. मी दात कोरायच्या काडीने काढलं, तुमच्या देखत. नरक चतुर्दशीला पहाटे तेल लावून, कढत पाण्याने अभ्यंगस्नान, आणि घड्याळ हातातच. नावं ठेवत नाही. वडिलांना वाटलं असणार, खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय तर काय होतंय. पण पाणी-धूळ आत जात नाही म्हणून ते आयपी 68 वगैरे जे लिहितात, ती चाचणी नव्या घड्याळावर साध्या पाण्यात होते. गरम पाणी, वाफ, साबण, तेल यांचा त्यात हिशेब नाही. गरम झालं की सील सैल पडतं, आत गेलेली हवा थंड झाली की काचेवर दव धरतं. कंपनी ते वॉरंटीत घेत नाही, माझ्या हातात तेव्हा काही नव्हतं. तरी मी घड्याळ ठेवून घेतलं, तीन दिवस सुकवलं, आता काच स्वच्छ आहे, चार्जिंग होतंय. त्याचे पैसे घेतले नाहीत. हे रिव्ह्यूत आलं असतं तर बरं वाटलं असतं.

बिलाखाली छापलेल्या "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या ओळीबद्दल तुम्ही लिहिलंय, ते मात्र तुमचं बरोबर आहे. सदोष माल परत घेणं दुकानदाराला टाळता येत नाही, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसं आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस. ती ओळ माझ्या वडिलांच्या वेळच्या छपाईच्या ब्लॉकवरून चालत आली. हे बिलबुक संपलं की नवीन छापताना काढू. बरीच पानं शिल्लक आहेत, तोवर पेनाने खोडून देतो.

माझ्या वडिलांचं नाव निघालं म्हणून सांगतो, नाहीतर सांगणार नव्हतो. ते घड्याळजी होते. 1978 साली राजवाड्याजवळ एका जिन्याखाली चार फूट जागेत डोळ्याला भिंग लावून बसायचे. घड्याळ दुरुस्त होण्यासारखं नसेल तर उघडण्याचेही पैसे घ्यायचे नाहीत. 2016 साली सरकारने एचएमटीची घड्याळं बंद करायचं ठरवल्याची बातमी आली, त्या दिवशी ते दुपारी दुकान बंद करून घरी गेले. आमच्याकडे स्मार्टवॉच आलं ते करोनानंतर, लोक ऑक्सिजन दाखवणारं घड्याळ मागायला लागले तेव्हा. वडिलांना ते कधी आवडलं नाही. "ज्याचा सेल बदलता येत नाही ते घड्याळ कसलं?" असं म्हणायचे. आणि खोटं नाही. दोन-तीन वर्षांत त्याची बॅटरी दमते, ती बदलायला निम्मे पैसे जातात, लोक टाकून देतात. मी हे प्रत्येकाला सांगतो. म्हणून तर माझी प्रवचनं लांबतात.

गेल्या पावसाळ्यात हिल मॅरेथॉनची तयारी करणारा एक मुलगा आला होता. त्याच्या हातात दोन हजारवालंच घड्याळ होतं, यवतेश्वरचा घाट पळून आला की रोज वेगळं अंतर दाखवायचं. चढावर पावलं लहान पडतात आणि घड्याळ पावलांवरून किलोमीटर काढतं, त्यात स्वतःचं जीपीएस नाही. त्याला दुसरं तसलंच हवं होतं, रंग वेगळा. मी विकलं नाही. जीपीएस आत असलेलं घे, नाहीतर फोन दंडाला बांधून पळ, म्हणून परत पाठवला. आणि अ‍ॅपलचं घड्याळ मागणारे ताई-दादा आले की आधी फोन कोणता ते विचारतो. अ‍ॅपलचं घड्याळ अँड्रॉइडला जोडता येत नाही, हे घरी गेल्यावर कळलेले कितीतरी लोक रडकुंडीला येऊन गेलेत. अशा दुकानाला "गळ्यात मारतात" म्हटलं की लागतं, सर.

गिऱ्हाईक राजा वगैरे ठीक आहे, पण एक स्टार देताना तुम्ही बाटलीचा किस्सा गाळलात. तो एक लिहिला असता तरी मी काही बोललो नसतो.

सुधारणा करत आहोत. "बीपी व साखर यासाठी स्मार्टवॉच घेऊ नये" अशी पाटी काउंटरवर लावतोय, रंगाऱ्याला सांगितलंय. भाच्याला बोलण्याबाबत सूचना दिल्या आहेत. दिवाळीत गर्दीचंही काहीतरी बघू. स्टूल आणलं आहे.

घड्याळ परतच करायचं असेल तर घेऊन या, कायद्याचं काय ते बाजूला ठेवून बघू, तुमच्या वडिलांसमोर बोलू. तेच म्हणाले "मला ठेवायचंय" तर मात्र तुमचं दोघांचं आधी घरी ठरवून या, कारण परवा त्यांनीच फोन करून विचारलं की पावलांचा आकडा मोठा कसा करायचा.

आणि त्यांचं जुनं एचएमटी जनता, जे त्याच संध्याकाळी साफसफाईला टाकलं होतं, ते तयार आहे. तेल सुकलं होतं, बाकी आतून ठणठणीत. दहा दिवस चावी देऊन बघतोय, वेळ नीट धरतं. 450 रुपये ठरले होते, तेवढेच द्या. सोमवारी दुकान बंद असतं, इतर दिवशी अकरा ते एकमध्ये गर्दी नसते. येताना पावती आणा.