सेंद्रिय कोंबडी आणि किडनीचा कुत्रा : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार ताई,

रिपोर्टचे आकडे आणि रोजच्या जेवणाचं माप दिलंत हे फार बरं झालं, त्यामुळे नेमकं बोलता येईल. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : किडनीच्या कुत्र्याला पिशवीतलं रिनल फूड (किडनीच्या आजारासाठी मुद्दाम बनवलेलं खाणं) द्या असं सांगणं म्हणजे कंपन्यांची तळी उचलणं. त्यात केमिकल असतात. तुमचा 28 किलोचा लॅब्रेडॉर घरचं सेंद्रिय जेवण आवडीने खातो, केस चकचकीत आहेत, मग बदलायचं कशाला? त्याचं क्रिएटिनिन (किडनी किती थकली आहे हे सांगणारा रक्तातला आकडा) 2.6 आणि फॉस्फरस 6.1 आहे.

या क्रिएटिनिनवर तो किडनीच्या आजाराच्या दुसऱ्या टप्प्यात येतो (कुत्र्यांत 1.4 ते 2.8). या टप्प्यावर रक्तातला फॉस्फरस 4.6 च्या खाली ठेवायचा असतो. तुमच्याकडचा आकडा त्याहून बराच वर आहे, आणि माझी सगळी काळजी तेवढ्या एका आकड्याची आहे.

सेंद्रियचा शिक्का कोंबडी कशी वाढवली, भाताला कुठलं खत घातलं हे सांगतो. त्याची किंमत मी कमी लेखत नाही. पण मांसात फॉस्फरस किती, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. गावरान असो, सेंद्रिय असो की ब्रॉयलर, 100 ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये तो साधारण 200 मिलिग्रॅम असतो.

आता तुमचंच ताट मांडू. 400 ग्रॅम चिकन म्हणजे 800 मिलिग्रॅम फॉस्फरस. 50 ग्रॅम कलेजीचे दीडशे. 400 ग्रॅम शिजलेल्या ब्राउन राइसचे सुमारे 400. दीडशे ग्रॅम दह्याचे 140, भोपळ्याचे 40. बेरीज दीड ग्रॅमच्या वर जाते, आणि कॅलरी होतात साधारण 1100. किडनीसाठी बनवलेल्या खाण्यात तेवढ्याच कॅलरींमागे फॉस्फरस पाचशे ते सहाशे मिलिग्रॅमच्या घरात असतो. म्हणजे अतिशय प्रेमाने वाढलेल्या या ताटात तो अडीच पटींहून जास्त पडतो आहे. जास्तीचा फॉस्फरस थकलेली किडनी बाहेर टाकू शकत नाही, तो रक्तात साचतो. मग पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम ओढायला लागते, आणि ते किडनीतच जाऊन बसलं की उरलेली किडनीही लवकर जाते.

ब्राउन राइसचं वाचून वाईट वाटलं, कारण तो तुम्ही मुद्दाम, जास्त पैसे देऊन आणता. निरोगी माणसाला तो चांगलाच. पण कोंड्यासकट फॉस्फरस येतो : शिजलेल्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 100 मिलिग्रॅम, पांढऱ्या भातात जेमतेम 40. नुसता तांदूळ बदललात तरी रोजचे अडीचशेच्या आसपास मिलिग्रॅम कमी होतील. कलेजी तर आजच बंद करा.

घरचंच द्यायचं असेल तर दिशा अशी राहील. चिकन 150 ग्रॅमवर आणा आणि जोडीला तीन उकडलेल्या अंड्यांचा फक्त पांढरा भाग द्या. एका पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅम प्रोटीन असतं आणि फॉस्फरस पाचच मिलिग्रॅम, उलट पिवळ्यात तो साठच्या वर. पांढरा भात 500 ग्रॅम शिजलेला, तेल तीन चमचे, भोपळा आहे तेवढाच. पूर्वी कधी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर मात्र तेल डॉक्टरांना विचारूनच. एवढ्यात साधारण हजार कॅलरी मिळतात आणि फॉस्फरस साडेपाचशेच्या आसपास राहतो.

शिजवण्याची पद्धतही बदलावी लागेल. चिकन, तांदूळ, भोपळा सगळं एकाच कुकरला लावता असं तुम्ही लिहिलंय. त्यात मांसातून पाण्यात उतरलेला फॉस्फरस भातच शोषून घेतो. चिकनचे लहान तुकडे करा, वेगळ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळा, चाळणीवर निथळा आणि ते पाणी ओतून द्या. भात वेगळा करा. मीठ घालू नका, सैंधवही नको, किडनीसाठी तेही सोडियमच. चव म्हणून कांदा-लसूण तर कुठल्याच कुत्र्याला नाही.

पण ताई, एवढ्याने जेवण पुरं होत नाही. तुमच्या आत्ताच्या ताटात कॅल्शियम 300 मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, लागतं एक ग्रॅमच्या वर, आणि मी वर सांगितलेल्या जेवणात तर दही काढल्यामुळे ते आणखी कमी आहे. 500 मिलिग्रॅम कॅल्शियमसाठी सव्वा ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लागतं. मात्र मेडिकलमध्ये माणसांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत डी-3 जीवनसत्त्व मिसळलेलं असतं, त्या मनाने सुरू करू नका. झिंक, तांबं, आयोडीन, ई जीवनसत्त्व, कोलीन हेही कमी पडतं. 2012 साली अमेरिकेतल्या पशुआहारतज्ज्ञांनी किडनीच्या कुत्र्या-मांजरांसाठीच्या 67 घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा सगळे घटक पुरेसे असलेली एकही निघाली नाही. अशी उणीव अंगावर दिसायला महिने लागतात, म्हणून केस चकचकीत आहेत यावर विसंबू नका. हे माप पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून पुरं करून घ्या आणि मगच कायमचं चालू ठेवा.

पिशवीतल्या खाण्याबद्दल. साध्या डॉग फूडमध्ये आणि चघळायच्या ट्रीटमध्ये फॉस्फेट मिसळलेलं असतं हा तुमचा राग योग्य आहे. तो फॉस्फरस मांसातल्यापेक्षा लवकर रक्तात जातो, म्हणून घटकांच्या यादीत 'फॉस्फेट' किंवा 'फॉस्फोरिक अॅसिड' दिसलं की ती ट्रीट परत ठेवा, पुढे ऑरगॅनिक लिहिलेलं असलं तरी. रिनल फूडची गोष्ट वेगळी. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किडनीचे 38 कुत्रे दोन गटांत होते. साध्या खाण्यावरचे निम्मे कुत्रे 188 दिवसांत गेले, रिनल खाण्यावरचे निम्मे 594 दिवसांपर्यंत टिकले. असा फरक दाखवणारी औषधंही या आजारात फारशी नाहीत. ते महाग आहे, दर महिन्याला परवडवणं सोपं नाही, हे मान्यच. म्हणून अर्धं रिनल, अर्धं मोजून केलेलं घरचं असाही मार्ग डॉक्टरांशी बोलून काढता येतो. मात्र रिनल फूड पिल्लाला किंवा निरोगी कुत्र्याला देऊ नका.

बदल सावकाश करा. चार-पाच दिवसांनी पाव हिस्सा वाढवत तीन आठवड्यांत पूर्ण नव्यावर या. उलट्या चालू असताना किंवा सलाइन लागलेलं असताना नवं खाणं पुढे करू नका, कुत्रा मळमळीचा संबंध त्या वासाशी जोडतो आणि मग ते कायमचं नाकारतो. तोंड फिरवलं तर कोमट करून द्या. तरी दिवसभर काहीच पोटात गेलं नाही तर जुनं द्या आणि डॉक्टरांना फोन करा, उपाशी ठेवून वळण लावायचा हा आजार नाही.

वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर घ्या. चार ते सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन, फॉस्फरस, कॅल्शियम, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तदाब बघा. रक्त 12 तास उपाशीपोटी द्या, नाहीतर जेवणामुळे फॉस्फरस वर दिसेल. पाणी मात्र कायम समोर असू दे. खाणं नीट पाळूनही तो 4.6 च्या वर राहिला तर डॉक्टर फॉस्फेट बांधणारं औषध देतील. ते अन्नातच कालवायचं असतं, रिकाम्या पोटी त्याचा उपयोग नाही. तो रिपोर्ट आला की आकडे इथेच लिहा, मापं पुन्हा बघू.