सोन्याची सुरी

आत्याने गृहप्रवेशाला सोनेरी सुरी दिली. मूठ काळी, पातं पिवळंधमक, आणि खोक्यावर लिहिलेलं : टायटॅनियमचा लेप, धार लावण्याची गरज नाही. आई म्हणाली, "सोन्याची सुरी म्हणून काय उरात मारून घ्यायची?" आणि पाय दुमडून पुन्हा विळीवर बसली.

चौथ्या महिन्यात ती भीतीही उरली नाही. टोमॅटो कापायला घेतला की आधी दबायचा, मग उसासा टाकायचा, आणि मग ओट्यावर नुसत्या बिया. उरात काय, पिकल्या केळ्यातही ती विचार करून शिरायची. दिसायला मात्र कालच सराफाकडून आणल्यासारखी.

मी बशी उपडी केली. बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी घासली की धार येते, हे मला लहानपणापासून माहीत. पाऊण तास घासली. सुरीवर ओरखडा नाही.

भोसरीला टूलरूममध्ये असलेल्या मामेभावाला फोन केला. तो आधी हसला, मग शिकवणी घेतली. सोनेरी म्हणजे टायटॅनियम नायट्राइड. त्यांच्याकडची ड्रिलची पातीही तशीच पिवळी असतात. निर्वात भट्टीत धातूची वाफ करून नायट्रोजनसह पोलादावर बसवतात. जाडी दोन-चार मायक्रॉन. माणसाचा केस सत्तरच्या आसपास. पण कडकपणा बघ, म्हणाला. सुरीचं पोलाद विकर्स मापावर साधारण ६००, हा लेप २००० च्या वर.

"मग बोथट कशी झाली?"

"दादा, सुरी कापते धारेने. लेप देऊन झाल्यावर कारखान्यात धार काढतात, त्यातच तिथला लेप जातो. धारेवर पहिल्या दिवसापासून उघडं पोलाद आहे. तू आडवी धरून नुसता लेप घासत बसलास. झिजली असेल तर बशी."

बशी पाहिली. आहेराच्या सेटमधली होती. परत कपाटात मागच्या बाजूला ठेवली.

तो पुढे म्हणाला, एकाच बाजूला लेप देऊन दुसऱ्याच बाजूने घासायची, अशाही सुऱ्या निघतात. मऊ पोलाद झिजतं आणि लेपाची कड पुढे राहते. उंदराचे दात असेच, पुढून कडक, मागून मऊ, कुरतडता कुरतडता आपोआप धारदार. आमची सुरी दोन्ही बाजूंनी सोनेरी, म्हणजे उंदराइतकाही विचार तिच्यामागे नव्हता.

रविवारी खाली "चाकू-कैंची धाऽऽर" ऐकू आलं. धारवाल्याने सायकल स्टँडवर चढवली, सुरी उलटीपालटी केली आणि माझ्याकडे पाहिलं. "साब, रंग जाएगा. बाद में मत बोलना."

"जाने दो," मी म्हणालो. बायको वरून ओरडली, "अहो, आत्यांची आहे ती!" तोवर चाकाने ठिणग्या उडवल्या होत्या.

सुरी वर आली ती धारेलगत मिलिमीटरभर पांढरी होऊन. बायकोने ती उजेडात धरली. "भरजरी साडीला रुपेरी काठ लावलाय मेल्याने." काठ वेडावाकडा होता हे खरं. पण टोमॅटो बोट लावायच्या आत दोन झाला. आईसुद्धा विळीवरून उठून बघायला आली. बघितलं, "हं" म्हणाली, आणि परत बसली. तिच्या विळीला लेप नाही, रंग नाही, मधोमध खोलगट झालीये आणि अजून नारळ खोवते.

त्याच संध्याकाळी आत्या आली. बायकोने सुरी ताटात कलिंगडाच्या फोडीखाली धार लपवून मांडली, सोनं तेवढं वर.

"बघ, अजून नवीकोरी! धार लावायला लागली नाही ना?"

"छे हो आत्या," मी म्हणालो, आणि पट्टी बांधलेला अंगठा हळूच पाठीमागे नेला.