साउथ फेसिंग गाडी

पहाटे तीन वाजता कपाळावर एक थेंब पडला. बरोब्बर मध्यभागी, आठी पडते तिथे. पुसला, कूस बदलली, तर दुसरा थेट कानात. मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर आमच्या मोटरहोमच्या छतातून एका स्क्रूचं टोक बाहेर आलेलं, त्यावर पाणी जमतंय, फुगतंय, जरासं थरथरतंय आणि सुटतंय, मग परत जमतंय. शंकराच्या पिंडीवर अभिषेकपात्र टांगतात ना, डिट्टो तसं, फक्त पिंडीच्या जागी मी. पलीकडच्या बर्थवर आई (वय ७८) उठून बसली, टॉर्चच्या उजेडात सगळा प्रकार नीट न्याहाळला आणि म्हणाली, "सोमवार आहे का रे आज?"

ते टोक मी आधी पाहिलं नव्हतं असं नाही, खोटं कशाला बोलू. तीन आठवडे मी त्याला खुंटी समजून चष्मा अडकवत होतो.

तर झालं असं की व्हीआरएस घेतल्यावर मी एक सेकंडहँड ट्रॅव्हलर (मिनीबस हो) घेतली आणि तिची मोटरहोम करून घेतली. दोन बर्थ, एक छोटा ओटा, सिंक, फॅन, छोटा फ्रीज. (आरटीओचं महाभारत वेगळं आहे, ते परत कधीतरी.) फ्रीज चालवायला वीज पाहिजे म्हणून छतावर सोलर. दोन कोटेशनं आली. एक बासष्ट हजारांचं, त्या माणसाने गाडीखाली घुसून, छतावर चढून, टेप लावून दीड तास मोजमापं घेतली होती. दुसरं अडतीस हजारांचं, त्याने गाडीकडे लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "होतंय की काका, त्यात काय." मी पुण्याचा माणूस. चोवीस हजार वाचतायत म्हटल्यावर "होतंय की" मला जास्त शास्त्रीय वाटलं.

रविवारी सकाळी नऊला येतो म्हणालेले सोलरवाले साडेबाराला आले, सोबत एक हेल्पर पोरगा, त्याच्या हातात ड्रिल मशीन आणि डोक्यात काहीच नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी होती. सोलरवाल्यांनी खिशातून मोबाईल काढला, कंपास लावला, गोल फिरले आणि गंभीरपणे मला विचारलं, "काका, साउथ ही बाजू ना?"

मी म्हटलं हो. त्या क्षणी मला काहीतरी खटकायला हवं होतं. खटकलं नाही. उलट मनात म्हटलं माणूस अभ्यासू दिसतोय.

आता हे खरं आहे की आपल्याकडे घराच्या गच्चीवर पॅनेल लावताना दक्षिणेकडे तोंड करून लावतात आणि उतार साधारण त्या गावाच्या अक्षांशाएवढा ठेवतात, पुण्याला अठरा-साडेअठरा अंश. सोलरवाल्यांनी आयुष्यभर बंगले केलेले. त्यामुळे त्यांनी माझ्या गाडीवरही बंगलाच केला. लोखंडी अँगलचं स्टँड, रेडऑक्साइड मारलेलं, फूटभर उंच पाय, त्यावर दोन मीटर बाय एक मीटरचे ३३० वॉटचे दोन पॅनेल, अठरा अंशात, साउथ फेसिंग. स्पिरिट लेव्हल लावून चेक केलं. गाडी तेव्हा पूर्वेकडे तोंड करून उभी होती म्हणून उतार आला ड्रायव्हर साइडला. ही वस्तू चार चाकांवर आहे आणि ती वळते, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. मी तर शिडी धरून उभा होतो, कौतुकाने.

"भोकं किती पाडणार?" असं मी विचारलं होतं, तेवढी अक्कल होती. "चारच काका." बत्तीस पाडली, नंतर मोजली. पोरगा वर उभा राहून घुर्रर्र करत सुटला होता, पत्र्याखाली रीब, म्हणजे आधाराची पट्टी, कुठे आहे वगैरे बघायची भानगड नाही, जिथे मशीन टेकलं तिथे भोक. स्क्रू ढिला वाटला की भोकात लाकडाची गिट्टी ठोकायची, भिंतीत ठोकतात तशी. गाडीच्या पत्र्यात! वर सिलिकॉनची ट्यूब, ती पण अशी की पोरगा बोटाने फासून बोट पॅंटला पुसत होता, आणि छत आधी पुसावं, त्यावरची धूळ जावी, असं काही नाही. दुपारी दोघांनी पॅनेलवर मांडी घालून वडापाव खाल्ला. मी खालून ओरडलो तर पोरगा म्हणतो, "टफन ग्लास आहे काका, हत्ती बसला तरी काय होत नाय." काचेला होत नाही हे बरोबर. काचेखाली जे वीज बनवणारे सेल असतात ते पापडापेक्षा पातळ असतात, त्यांना केसासारखे तडे जातात आणि ते वरून दिसतही नाहीत, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी सहाला कंट्रोलरवर (पॅनेलची वीज बॅटरीत भरणारा डबा) हिरवा दिवा लागला, फ्रीज घुर्र झाला, बायकोने सगळ्यांना चहा दिला, मी पैसे दिले. फोटो पण काढला चौघांचा.

पहिला धक्का गेटवरच. सोसायटीच्या गेटवर 'सुस्वागतम्' लिहिलेली लोखंडी कमान आहे. गाडीची उंची आता बंगल्यासकट दोन फूट वाढलेली. वॉचमन मागे-पुढे पळाला, वाकला, एक डोळा मिटून बघितलं आणि दोन बोटं दाखवून म्हणाला, "दोन बोटं जागा आहे साहेब, या हळू." आलो बाबा हळू. पण त्या दिवसापासून पेट्रोल पंप, टोल, वडाची पारंबी, टपरीची ताडपत्री, कुठेही शिरताना बायको खिडकीतून मान बाहेर काढून बोटं मोजायला लागली.

आणि आवाज. साठच्या वर वेग गेला की त्या अँगलमधून वारा असा शिट्टी मारायचा की मुळशीच्या पुढे आई दोनदा म्हणाली, "कुकर उतरव गं."

दोन आठवड्यांनी गाडी धुवायला वर चढलो तर पांढऱ्या छताला गोवर आलेला. सगळीकडे बारीक तपकिरी ठिपके, प्रत्येकाभोवती पिवळं वर्तुळ. ड्रिल मारताना जो लोखंडाचा कीस उडाला तो कोणी झाडलाच नव्हता, त्यावर दोन सरी पडल्या आणि कण न् कण गंजून रंगात रुतून बसला. नखाने खरवडला तर रंगच निघाला. फोन केला. "बेकिंग सोडा लावा काका, जातंय." मी विचारलं तुम्ही कधी लावलाय? तर म्हणे रेंज जातेय.

असो, तर दिवेआगर. ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा करत शिट्टी वाजवत पोचलो. एका ओळखीच्या माणसाची वाडी आहे अगदी सुरूच्या बनाला लागून, तिथे गाडी लावायची परवानगी. आमच्या गाडीचं दार डाव्या अंगाला. समुद्र पश्चिमेला. म्हणजे दारात बसून समुद्र बघत चहा प्यायचा असेल तर गाडीचं तोंड उत्तरेला करायला हवं, बायकोचं दोन वर्षांचं स्वप्न होतं ते. पण गाडी उत्तरेला केली की माझा साउथ फेसिंग बंगला होतो ईस्ट फेसिंग, दुपारी दोननंतर वीज घसरत जाते. पॅनेल दक्षिणेला ठेवायचे तर गाडीचं तोंड पूर्वेला, आणि दार उघडलं की समोर वाडीवाल्यांचा गोठा.

"अहो, समुद्र बघायला आलोय ना आपण?"

"फ्रीजमध्ये सुरमई आहे."

या एका वाक्यावर आम्ही दीड दिवस गोठा बघितला. म्हशीने पण आम्हाला बघितलं.

आणि यातली खरी गंमत पुढे आहे. मेच्या मध्याला पुण्याला शून्य सावली दिवस येतो, सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर, आणि त्यानंतर थेट जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. दिवेआगरलाही थोड्याफार फरकाने तेच. म्हणजे जूनमध्ये मी समुद्राकडे पाठ करून, म्हशीशी नजरानजर करत, पॅनेल मोठ्या निष्ठेने जिकडे वळवून ठेवले होते, सूर्य त्याच्या विरुद्ध अंगाला होता. हे मला वाडीवाल्यांच्या नववीतल्या मुलीने सांगितलं. भूगोलात होतं म्हणे.

तरी सुरमई गेलीच. कारण मुळात वीजच येत नव्हती. भर उन्हात कंट्रोलर बॅटरीत कसेबसे पन्नास वॉट ढकलत होता, पॅनेल ६६० वॉटचे. एका पॅनेलच्या आखूड कडेवर छतावरच्या एसीच्या डब्याची सावली पडायची, जेमतेम एक ओळ सेलची. मला वाटायचं एवढ्याशा सावलीने काय होतंय, बाकी सगळं पॅनेल उन्हात लखलखतंय की. पण पॅनेलमधले सेल तीन गटांत जोडलेले असतात, त्या आखूड कडेची एक ओळ झाकली की तिन्ही गट अडतात आणि सगळं पॅनेलच जवळजवळ बसतं. नळाच्या पाइपवर कुणीतरी पाय ठेवल्यासारखं. बाकीची कथा रात्री पावसाने पूर्ण केली, ती वर सांगितलीच. उरलेली रात्र मी छातीवर वरणाचं पातेलं ठेवून झोपलो. टप. टप. टप.

परत आल्यावर सोलरवाल्यांना फोन. त्यांनी पोरगा पाठवला. पोरगा आणखी एक ट्यूब सिलिकॉन जुन्याच्या वर फासून गेला. पुढच्या पावसात थेंबाने जागा बदलली आणि तो बायकोच्या उशीवर आला. मग मात्र घरात निर्णय फार लवकर झाला.

भोसरीला बस बॉडी बांधणारे एक चाचा आहेत, चाळीस वर्षं हेच काम. ते शिडीने वर गेले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. डॉक्टर एक्सरे धरून गप्प बसतो ना, तसं. मग वरूनच विचारलं, "साहेब, हे कोणी केलं?" मी म्हटलं एक होते. "तुम्ही होता तेव्हा इथे?" मी म्हटलं कामाला गेलो होतो. कुठल्या तोंडाने सांगणार, शिडी धरली होती म्हणून.

मग त्यांनी एकेक काढून माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. बत्तीस स्क्रूंपैकी रीबमध्ये गेलेले नऊ, बाकी सगळे नुसत्या पत्र्यात, तीन तर बोटांनी निघाले. रबरी वायसर एकालाही नाही. गिट्ट्या फुगून कुजलेल्या, एकीला बारीक कोंब आल्यासारखं काहीतरी हिरवं. सिलिकॉनची अख्खी पट्टी त्यांनी नखाने उचलली ती सापाच्या कातेसारखी सलग निघाली, खाली धूळ जशीच्या तशी. "जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन धरत नाही," चाचा म्हणाले, "खरवडून, पुसून, पत्रा कोरडा करून मग पीयू सीलंट. गाडी हलते, पत्रा हलतो, सीलंटने पण हललं पाहिजे."

वायर बघून तर ते हसलेच. छतापासून खाली घरातल्या ट्यूबलाइटची असते ती दीड एमएमची वायर, मध्ये एक जोड, त्याला चिकटपट्टी. वरची चिकटपट्टी उन्हाने वितळून गुळाच्या पाकासारखी झालेली. फ्यूज नाहीच, त्याच्या जागी घरातल्या लाइनची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडतो तो खटका. घरातला करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून तिथे ठिणगी विझते, सोलरचा करंट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, तो शून्यावर येतच नाही, ठिणगी धरून बसते. आणि कंट्रोलर साधा, पीडब्ल्यूएम नावाच्या स्वस्त जातीचा. माझे पॅनेल काम करतात सदतीस व्होल्टला आणि हा गडी त्यांना खेचून आणतो बॅटरीच्या तेरावर, अँपिअर तेवढेच. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, गुणाकार करा, ३३० वॉटच्या पॅनेलमधून फार तर एकशेपंधरा-वीस मिळणार, तेही आरशासारखं ऊन असेल तर. बासष्ट हजारवाल्याच्या कोटेशनमध्ये एमपीपीटी लिहिलं होतं, म्हणजे जादा व्होल्ट वाया न घालवणारा कंट्रोलर. मी ते खोडून समोर 'कशाला?' असं लिहिल्याचं मला स्पष्ट आठवतंय, पेन्सिलने.

चाचांना चार दिवस लागले. पॅनेल आडवे केले, एसीपासून लांब सरकवले, खाली चार बोटं हवा खेळती ठेवली कारण पॅनेल तापलं की वीज कमी देतं, वायर सहा एमएमची, छतातून आत येते तिथे ग्लँड, म्हणजे पाणी अडवणारं बूच, त्याचं तोंड मागे. भोकं वेल्ड करून, घासून, रंगवून. सीलंट पूर्ण वाळेपर्यंत गाडी हलवायची नाही म्हणाले, तर मी रोज संध्याकाळी नुसता बघायला जायचो. एकूण खर्च सांगत नाही. बायकोला पण सांगितलेला नाही. वाचलेल्या चोवीस हजारांच्या तिप्पट धरा आणि विषय सोडा.

ऑगस्टमध्ये परत ताम्हिणीतून गेलो, मुद्दाम, भर पावसात. रात्रभर मी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडलो होतो. एक थेंब नाही. चष्मा अडकवायला आता जागा नाही एवढीच तक्रार.

आता ते स्टँड. चाचांनी विचारलं भंगारात देऊ का, तर आई म्हणाली घरी आणा. चाळीस किलो लोखंड लिफ्टने सोसायटीच्या गच्चीवर नेलं, सेक्रेटरींनी दोन महिने कुरकुर केली. एप्रिलमध्ये आईने त्यावर जुनी साडी ताणून साबुदाण्याच्या पापड्या घातल्या, सकाळी आठला. साडेअकराला उलटायला वर गेलो तर सगळ्या कडक, खडखड वाजणाऱ्या. मी मोबाईल काढून कंपास लावून बघितला. बरोब्बर दक्षिण. उतार अठरा अंश. आईने एक पापडी मोडून तोंडात टाकली आणि म्हणाली, "त्या पोराचा नंबर आहे का रे तुझ्याकडे? समोरच्या काकूंना पण एक हवंय असं."