१९ नोव्हेंबर, राणीचे जन्मवर्ष आणि एक बेजबाबदार दिनविशेष

माझी भाची सातवीत आहे. तिच्या शाळेत परिपाठाच्या वेळी दिनविशेष वाचण्याची पाळी मुलांकडे असते आणि १९ नोव्हेंबरची पाळी तिच्याकडे आली होती. आदल्या रात्री तिने जो मजकूर मला वाचून दाखवला, तो तिच्या आईला नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला होता. पुढच्या दोन दिवसांत तोच मजकूर, त्याच चुकांसह, मला आणखी तीन ठिकाणांहून आला. त्यात म्हटले आहे की झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म १९ नोव्हेंबर १८२८ रोजी झाला, १८३५ हे वर्ष इंग्रजांनी आपल्या इतिहासात घुसडले आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी राणी धारातीर्थी पडल्या. त्याशिवाय या दिवशी राष्ट्रीय एकता दिन असतो, जागतिक शौचालय दिन आणि पुरुष दिन हे कोणीतरी टवाळीसाठी काढलेले बनावट दिवस आहेत, आणि अब्राहम लिंकन यांनी गेटिसबर्गचे भाषण आगगाडीत पाकिटाच्या पाठीवर खरडले होते, असेही त्यात आहे. शेवटी ‘खरा इतिहास मुलांपर्यंत पोहोचवा’ अशी विनंती आहे. मुलांपर्यंत काय पोहोचते आहे ते मी समोर बसून ऐकले, म्हणून हे लिहितो आहे.

राणीच्या जन्मवर्षापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत मोठा घोटाळा तिथेच आहे. १८३५ हे वर्ष इंग्रजांनी घुसडलेले नाही. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये राणीचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. त्यात जन्मतिथी कार्तिक वद्य चतुर्दशी, शके १७५७ अशी दिलेली आहे. काशीत राहिलेल्या मोरोपंत तांब्यांच्या, म्हणजे राणीच्या वडिलांच्या, मराठी घरात मुलीचा जन्म तिथीनेच लक्षात ठेवला जाणार, इंग्रजी तारखेने नव्हे. शके १७५७ मधल्या त्या तिथीला इंग्रजी तारीख येते १९ नोव्हेंबर १८३५. हा हिशोब कोणालाही पडताळून पाहता येतो. २० नोव्हेंबर १८३५ रोजी अमावास्या होती, म्हणजे आदला दिवस वद्य चतुर्दशीचा. २०२५ मध्येही हा योग जुळून आला होता. त्या वर्षीची दिनदर्शिका अजून भिंतीवर असेल, तर नोव्हेंबरचे पान काढून १९ तारखेच्या चौकोनात कोणती तिथी छापली आहे ते पाहावे.

आता १८२८ घेऊ. त्या वर्षी नोव्हेंबरची अमावास्या ७ तारखेच्या सुमारास होऊन गेली होती. १९ नोव्हेंबरला शुद्ध पक्ष चालू होता आणि पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आली होती. त्या तारखेला वद्य चतुर्दशी असणे शक्यच नाही. म्हणजे १९ नोव्हेंबर ही तारीख १८३५ मधल्या तिथीवरून काढलेली आहे, आणि तीच तारीख सात वर्षे मागे नेऊन १८२८ ला चिकटवली की तिला कसलाही आधार उरत नाही. हा संदेश ज्या वर्षाला इंग्रजांचे कारस्थान म्हणतो, त्याच वर्षाने दिलेली तारीख तो जयंती म्हणून वापरतो. वयाचेही तेच. राणींना वीरमरण आले जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरजवळ. १८२८ चा जन्म धरला तर त्या वेळी त्यांना एकोणतीस वर्षे पूर्ण झाली होती. तेविसावे वर्ष चालू होते असे म्हणायचे तर जन्म १८३५ चाच धरावा लागतो. एकाच मजकुरातली दोन वाक्ये एकमेकांना खोटे पाडत आहेत, आणि पुढे पाठवणाऱ्या एकानेही साधी वजाबाकी करून पाहिलेली नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. १८२८ हे वर्ष या संदेशाने शोधून काढलेले नाही. अनेक पुस्तकांत आणि सरकारी मजकुरांतही ते आढळते. १८३५ धरले तर १८४२ मधल्या विवाहाच्या वेळी वधूचे वय जेमतेम सहा-सात भरते आणि १८५१ मध्ये मुलगा झाला तेव्हा सोळाच्या आत-बाहेर. त्या काळात हे अशक्य नव्हते, तरी यावरून कोणाला शंका आली तर ती शंका गैर नाही. वर्षाबद्दल मतभेद आहे, असे लिहिले असते तर माझी काही तक्रार नव्हती.

शौचालय दिनाबद्दल जे लिहिले आहे, त्याचा मला जास्त राग आला. १९ नोव्हेंबर २००१ रोजी जॅक सिम यांनी सिंगापूरमध्ये जागतिक शौचालय संघटना स्थापन केली, म्हणून ही तारीख. जुलै २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सिंगापूरच्या प्रस्तावावरून या दिवसाला अधिकृत मान्यता दिली. यात टवाळी कुठे आहे? ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली आणि अप्पा पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत देणाऱ्या संडासांचे प्रयोग केले, त्या महाराष्ट्रात हा विषय हसण्यावारी नेला जावा याचे वाईट वाटते. माझी भाची रोज भरलेली पाण्याची बाटली सकाळी दप्तरात ठेवते आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत आणते. तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुली शाळेत पाणीच पीत नाहीत, कारण मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी महिनोन्‌महिने तुटलेली आहे आणि नळाला पाणी नसते. त्याच मुलीने परिपाठात उभे राहून हा दिवस बनावट आहे असे सगळ्या शाळेला सांगायचे होते.

पुरुष दिनाला संयुक्त राष्ट्रांची मान्यता नाही, एवढे खरे आहे. पण १९९९ मध्ये त्रिनिदादमधले इतिहासाचे अध्यापक जेरोम टीलकसिंग यांनी तो विचारपूर्वक सुरू केला आणि आपल्या वडिलांच्या जन्मदिवसाची तारीख त्यासाठी निवडली. राष्ट्रीय एकता दिन ३१ ऑक्टोबरला, सरदार पटेलांच्या जयंतीला असतो. १९ नोव्हेंबरला असतो तो राष्ट्रीय एकात्मता दिन, कारण ती इंदिरा गांधींची जयंती. त्यांचा जन्म १९१७ चा. लिंकन यांचे भाषण १९ नोव्हेंबर १८६३ चे हे बरोबर आहे, पण पाकिटाची गोष्ट दंतकथा आहे. सर्वांत आधीचा मानला जाणारा त्यांचा मसुदा आजही जपलेला आहे, आणि त्याचे पहिले पान राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाचे नाव छापलेल्या कागदावर शाईने लिहिलेले आहे.

रात्री साडेदहाला आम्ही दोघांनी मजकूर नव्याने लिहिला. राणीच्या नावापुढे आम्ही ‘कार्तिक वद्य चतुर्दशी, शके १७५७, काही अभ्यासक जन्मवर्ष १८२८ मानतात’ असे लिहिले आणि शौचालय दिनासाठी दोन ओळी ठेवल्या. ज्यांना १८२८ च पटते त्यांनी ते खुशाल लिहावे, पण त्याच्या आधी १९ नोव्हेंबर लिहू नये.