स्लॅपस्टिकला प्रहसन का म्हणत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचे आक्षेप दोन आहेत. पहिला, 'प्रहसन' हा आपला जुना चांगला शब्द असताना विनोदाच्या प्रकारांवरच्या माझ्या लेखात पडण्या-आपटण्याच्या, अंगाच्या फजितीच्या विनोदाला मी सारखं स्लॅपस्टिक स्लॅपस्टिक म्हणत बसले. दुसरा, हा सगळा पडापडीचा पाचकळ प्रकार आहे, नाट्यशास्त्रात खुद्द भरतमुनीने खदाखदा हसणं अधमांचं म्हटलंय, मग त्याच्यासाठी एवढे बारीक शब्द शोधायचेच कशाला. हा दुसरा मला जास्त लागला, पण आधी पहिल्याकडे येते.

एका ठिकाणी तुमचं अगदी बरोबर आहे. मी 'फार्स किंवा स्लॅपस्टिक' असं लिहून गेले, जणू दोन्ही एकच. ती चूकच आहे. फार्स हा शब्द ठासून भरणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलाय, फ्रेंचमध्ये सारणालाही हाच शब्द आहे, आणि मध्ययुगात धार्मिक नाटकांच्या मध्ये मध्ये जे हसवणारे तुकडे भरायचे त्यांना हे नाव पडलं, मग पुढे तेच स्वतंत्र नाटक होऊन बसलं. फार्सला गोष्ट लागते. एक थाप, ती झाकायला दुसरी, चुकीचा माणूस चुकीच्या खोलीत, आणि शेवटी सगळे एकाच वेळी एकाच दारात. स्लॅपस्टिकला गोष्ट नसली तरी चालतं, त्याला क्षण लागतो. म्हणून प्रहसन हा शब्द फार्सला जवळचा आहे हे मान्य, पण स्लॅपस्टिकला नाही, कारण प्रहसन म्हणजे अख्खं नाटक, दशरूपकांतला, म्हणजे संस्कृत नाटकाच्या दहा प्रकारांतला एक.

उदाहरण प्रहसनाचंच देते. पल्लव राजा महेंद्रवर्म्याचं सातव्या शतकातलं मत्तविलास घ्या. कापालिकाचं, म्हणजे कवटी घेऊन फिरणाऱ्या शैव साधूचं, कवटीचं पात्र हरवतं, तो ते शोधत फिरतो, बौद्ध भिक्षूवर आळ घेतो, आणि सगळा मजा आहे तो एकेका पंथाच्या ढोंगावर मारलेल्या टोमण्यांत, म्हणजे बोलण्यात. पण मधेच झटापट होते आणि कापालिकाची जोडीदारीण भिक्षूचे केस धरून ओढायला जाते, त्याचं डोकं तर तुळतुळीत, हाताला काहीच लागत नाही आणि ती आपटते. हे आपटणं म्हणजे स्लॅपस्टिक, आणि ते ज्याच्यात बसलंय ते प्रहसन. आता दोघांना एकच नाव दिलं तर हे वाक्य मला लिहिताच येणार नाही ना.

आता मूळ शब्दाकडे. सोळाव्या शतकापासून इटलीत कोमेदिया देल आर्ते नावाची मुखवट्यांची नाटकं चालायची, त्यातल्या आर्लेक्किनो नावाच्या नोकराच्या हातात एक दांडकं असायचं, त्यालाच इंग्रजीत स्लॅपस्टिक म्हणतात. दोन पातळ लाकडी पट्ट्या, मुठीपाशी जोडलेल्या आणि पुढे मधे फट ठेवलेली. अंगावर हलकंच मारलं तरी पट्ट्या एकमेकींवर आपटून फाडकन आवाज व्हायचा. म्हणजे मोठा असतो तो आवाज, मार नव्हे, आणि सगळं तत्त्व त्या एका वस्तूत आहे. ज्याला मारलं त्याला लागलेलं नाही हे बघणाऱ्याला माहीत असतं म्हणून तो मोकळा हसतो, खरंच लागलं असं वाटलं की हसू तिथल्या तिथे विरतं. त्यामुळे तुम्ही सुचवलेला 'मारझोडीचा विनोद' मला पटत नाही, त्यात मार उरतो आणि फाडकन जातो. आदळआपट म्हटलं तर राग येतो, धडपड म्हटलं तर कष्ट येतात. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो फटफजिती. त्यातला फट मला त्या पट्ट्यांसारखा ऐकू येतो आणि पुढे फजिती आहेच. अडचण एवढीच की फटफजिती नुसत्या बोलण्यानेही होते, अंगाला काही न होता. म्हणून इतिहास सांगताना स्लॅपस्टिक आणि एरवी फटफजितीचा विनोद असं मी यापुढे लिहीन.

आणि 'आंगिक विनोद' हा शब्द तुम्ही जाता जाता वापरलात, तो मला फार आवडला, पण तो मोठा डबा आहे. चालणं, तोंडं करणं, मूकाभिनय सगळं त्यात येतं. स्लॅपस्टिक त्यातला एक कप्पा.

आता भरत. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत, स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित, आणि शेवटचे दोन अधमांचे, इथपर्यंत तुम्ही बरोबर. पण ती प्रतवारी हसणाऱ्या पात्रांची आहे, कोणत्या पात्राने कसं हसायचं याची. हसू कशाने येतं ते त्याच अध्यायात वेगळं सांगितलंय, आणि तिथे यादीच सुरू होते विकृत वेष आणि अलंकारांपासून, पुढे धार्ष्ट्य, असंबद्ध बडबड, व्यंग दिसणं. म्हणजे शरीर आणि वेष हे हास्याच्या मुळाशीच ठेवलेत, मागच्या दाराने आत घेतलेले नाहीत. आणि पाचकळ हा काही विनोदाचा प्रकार नाही, तो शेरा आहे. कोटी पाचकळ असू शकते, विडंबन पाचकळ असू शकतं, तसं पडणंही. पण म्हणून प्रत्येक पडणं पाचकळ कसं?

28 डिसेंबर 1895 ला पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून जे चित्रपट दाखवले त्यात एक माळ्याचा होता. पोरगा पाइपवर पाय देतो, पाणी बंद, माळी पाइपाच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय काढतो. जेमतेम मिनिटाचा. त्यात माळ्याने डोकावण्याआधी पाय काढला तर काहीच उरत नाही, आणि हे काढायचं नेमकं कधी हे कळणं ही मोठी कला आहे, कवितेतल्या यतीइतकी, म्हणजे ओळीत नेमकं कुठे थांबायचं त्याइतकी. आणि मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन, त्याचा 1928 च्या चित्रपटातला तो प्रसंग, घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि उघड्या खिडकीची चौकट नेमकी त्याच्याभोवतीने खाली जाते. भिंत खरी होती, इंच इकडे तिकडे झाला असता तर माणूस गेला असता. आणि तो? ढिम्म, चेहरा मख्ख. त्यात कोणी कोणाला मारत नाही, कोणी पडतसुद्धा नाही, पडते ती भिंत, तरी ते स्लॅपस्टिकच. याला तुम्ही पाचकळ म्हणणार असाल तर मी भांडणार.

मख्ख, ढिम्म, फाडकन, दाणकन, धप्पकन, तोंडघशी, भुईसपाट. या विनोदाचं नाव आपल्याकडे एका शब्दात नाही म्हणून तुम्ही खंतावलात, पण तो घडताना सांगायला किती शब्द आहेत बघा, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा, दाणकन पडलेला माणूस धप्पकन पडलेल्या माणसापेक्षा वेगळा दिसतो डोळ्यांपुढे.

फार्सवाली ओळ आज दुरुस्त करते. उपहास आणि विडंबनाच्या परिच्छेदाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, तिथे मला स्वतःलाच शंका आहे की नक्कल हा शब्द मी विडंबनाच्या जागी दोनदा वापरलाय. जमलं तर तेवढं परत वाचून सांगा.