शुभेच्छुक : समस्त नाशिककर

व्हिसा आला, आत्याने डबाभर मेतकूट दिलं, बॅगांची वजनं करून झाली. आता परदेशी निघण्यापूर्वी एकच काम उरलं आहे : आपला वाढदिवस नक्की कधी असतो, हे घरात सगळ्यांना बसवून एकदा ठरवून टाका. तिकडची माणसं या बाबतीत फार भाबडी असतात. माणूस एकदाच जन्मतो, तेव्हा त्याची तारीखही एकच असणार, अशी त्यांची समजूत असते. तुमच्याकडे निदान तीन आहेत. एक आईच्या तोंडची, म्हणजे तिथी; ती दर वर्षी पुढे-मागे पळते आणि आई कालनिर्णय घेऊन तिच्या मागे. दुसरी जन्मदाखल्यावरची. तिसरी फेसबुकवरची, जी कॉलेज रोडवरच्या दिवसांत काही खासगी कारणाने टाकली होती आणि बदलायची राहून गेली. तिन्ही दिवशी शुभेच्छा येतात. तिन्ही दिवशी 'थँक यू काका' म्हणा. खुलासा करायला गेलात तर काकांचा फोन लांबतो.

आईबाबा मागाहून राहायला येणार असतील, तर एक जूनची वेगळी तयारी लागेल. बाबांच्या पासपोर्टवर १ जून आहे. त्यांच्या मोठ्या भावाच्याही आहे. सकाळी सोमेश्वरला फिरायला जाणाऱ्या त्यांच्या कट्ट्यावर निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचाच. कारण साधं आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजींनी विचारलं, "पोरगा कधीचा?" आजी म्हणाली, "पोळ्याच्या आधीचा, पाऊस झडी लावून होता." गुरुजींनी टाक बुडवला आणि १ जून लिहिलं. त्याच शाईमुळे आजही दर ३१ मेला महाराष्ट्रभरच्या सरकारी कचेऱ्यांतून निरोप समारंभांची रांग लागते, कारण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. दक्षिण कोरियात जन्मताच मूल एक वर्षाचं धरत आणि पुढे दर नववर्षाला एकेक वर्ष वाढवत; जून २०२३ मध्ये तिथे नवा कायदा लागू झाला आणि अख्खा देश कागदोपत्री वर्षा-दोन वर्षांनी लहान झाला. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. आपल्या गुरुजींनी हेच काम कायद्याविना, संसदेविना आणि एका टाकावर केलं होतं. त्यांची बातमी कोणी केली नाही.

तेव्हा तिकडच्या दवाखान्यात काउंटरवरच्या बाईने जन्मतारीख विचारली की बाबांनी तुमच्याकडे पाहायचं नाही, हे विमानातच घोकून घ्या. आणि १ जूनला शेजारीण दारात उभी राहून शुभेच्छा देऊ लागली, तर "आज नाही हो, श्रावणात" असं म्हणायचं नाही. ती बिचारी श्रावण कुठे शोधेल?

आता वेळेचं. जर्मनीत वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अपशकुनी मानतात. एक दिवस आधी नाही, एक तास आधीही नाही. रात्री बारापर्यंत मंडळी पेले हातात धरून थांबतात आणि मग गळ्यात पडतात. इकडे पंचवटीतले मामा मात्र बाराच्या ठोक्याला फोन लावण्याचा नेम मोडत नाहीत. मामांचे बारा वाजतात तेव्हा म्युनिकमध्ये हिवाळ्यात आदल्या संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेआठ झालेले असतात. म्हणजे तुमचे जर्मन मित्र ज्या घटकेला मोठ्या संयमाने गप्प बसलेले असतात, नेमक्या त्याच घटकेला तुमचा फोन स्पीकरवर "हॅप्पी बर्थडे भाचेबुवा!" असं ओरडतो. कॅलिफोर्नियात असाल तर आणखी मजा : मामांचा मध्यरात्रीचा फोन आदल्या दिवशी सकाळी साडेदहा-साडेअकराला येतो, तुम्ही मीटिंगमध्ये.

मामांना हे समजावण्याचा प्रयत्न करू नका. बारा आधी नाशिकला वाजतात आणि मग बाकीचे देश सवडीने वाजवून घेतात, अशी त्यांची धारणा आहे, आणि फक्त पश्चिमेचा विचार करता तिच्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. जर्मनांना मात्र समजावता येईल. 'आमच्याकडेही राहुकाळ असतो,' एवढं सांगितलं की पुरे. अंधश्रद्धा दुसऱ्याची असली की माणूस लगेच हसतो. त्यांना थोडं हसू द्या, त्या वेळात तुमचे साडेआठचे बारा होतील.

ऑफिसातला प्रकार वेगळा आहे आणि इथे बहुतेक नाशिककर तोंडघशी पडतात. सातपूरला किंवा अंबडला कंपनीत असताना वाढदिवस कसा होई, आठवा. सकाळपासून तुम्ही विसरल्याचं सोंग करायचं, बाकीच्यांनी न विसरल्याचं. मग "पार्टी कुठे?" "कसली पार्टी?" "अरे, निदान मिसळ तरी!" अशी घासाघीस होऊन शेवटी सगळे तर्रीला बसायचे आणि पैसे देताना तुम्ही त्रासल्याचं नाटक करायचं. जर्मनी, हॉलंड, ब्रिटन, या देशांत अशी घासाघीस होत नाही. ज्याचा वाढदिवस, त्याने मुकाट्याने केक आणायचा, स्वयंपाकघरात ठेवायचा, सगळ्यांना कळवायचं आणि शेवटी सुरी धुऊन ठेवायची. तुम्ही सकाळपासून लाजून-बिजून बसलात, कोणी विचारेल म्हणून वाट पाहिलीत, तर संध्याकाळी तसेच घरी याल. पहिल्या वर्षी पुष्कळ जण येतात. मग त्या रात्री घरी फोन करून 'इथली माणसं कोरडी आहेत' असं सांगतात, आणि तिकडे ऑफिसात लोक म्हणत असतात, 'भला माणूस दिसतो, पण केक नाही आणला.'

केक बिनअंड्याचा कुठे मिळेल याची काळजी नको. 'व्हीगन' म्हणा. आजीचं सोवळं आपोआप सांभाळलं जातं आणि वर तुम्ही पर्यावरणप्रेमी ठरता. सोबत चिवडा नेला तरी चालेल, फक्त शेजारी काटे-चमचे ठेवू नका. काट्याने शेंगदाणा टोचण्याची धडपड जर्मन इंजिनिअर मध्येच सोडत नाही आणि लंच ब्रेक संपून जातो.

हॉलंडला बदली झाली तर मात्र तुम्हाला माहेरी आल्यासारखं वाटेल. तिथे वाढदिवसाला गेलं की फक्त उत्सवमूर्तीचं अभिनंदन करून भागत नाही. त्याच्या आईचं, बायकोचं, मेव्हण्याचं, जो दिसेल त्याचं अभिनंदन करायचं असतं. म्हणजे आपल्या चौकातला फ्लेक्सच, फक्त तोंडी. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात; त्या गोलात बसायचं, कॉफी घ्यायची, केकचा एक तुकडा खायचा. एक. दुसऱ्याकडे हात नेण्याआधी यजमानीणबाईंच्या चेहऱ्याकडे पाहा. घरून पोळीभाजी खाऊन निघालात तर उत्तम.

त्याच घरात हात धुवायला गेलात की संडासच्या भिंतीवर एक कॅलेंडर दिसेल. त्यावर वार नसतात, नुसत्या तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे नातेवाइकांची नावं. डच लोक वाढदिवस तिथे बसून लक्षात ठेवतात आणि खरंच लक्षात ठेवतात. पद्धत उपयोगाची आहे, तुमच्या घरी जरूर लावा. फक्त सासूबाई यायच्या आधी उतरवा. आपलं नाव स्वयंपाकघरात दुधाच्या हिशेबाशेजारी असणं निराळं आणि तिथे असणं निराळं.

डेन्मार्कमध्ये पंचविशी गाठूनही लग्न न झालेल्याला मित्र भर रस्त्यात दालचिनीच्या पुडीने आंघोळ घालतात. व्हिडिओ आईला पाठवू नका. मुलाच्या अपमानाचं ती सोसेल, दालचिनीच्या नासाडीचं सोसणार नाही. शिवाय पंचविशीतल्या बिनलग्नाच्या मुलाला आपल्याकडे जी शिक्षा आहे, तिच्या तुलनेत दालचिनी धुऊन तरी निघते. बायोडेटा एकदा वधू-वर सूचक ग्रुपवर गेला की गेला. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नाकाला लोणी फासतात. हे ऐकून तुम्ही शहारलात तर गंगापूर रोडला रात्री बारा वाजता एखाद्या पोराला खांबाशी धरून अंडी, मैदा आणि टोमॅटो लावणाऱ्या आपल्या मुलांना विसरलात असं होईल. संस्कृती सगळीकडे सारखीच असते, फक्त किराणा बदलतो.

अमेरिकेत मुलांच्या पार्टीचं आमंत्रण येईल : शनिवारी २ ते ४. यातला '२' आपण समजू शकतो. '४' वाचून बऱ्याच आज्या हबकतात. जेवायला बोलावून उठायची वेळ आधीच लिहायची? पण ती खरोखर लिहिलेली असते, आणि चारला पाच कमी असताना तुमच्या पोराच्या हातात खाऊची पिशवी ठेवून दार उघडून धरतात. भेटवस्तू तिथल्या तिथे उघडत नाहीत. नंतर आठवड्याभरात कार्ड येतं : 'डायनासोरबद्दल आभार.' आपल्याकडे आई वहीत लिहून ठेवते, कुलकर्ण्यांकडून १०१, देवऱ्यांकडून स्टीलचा डबा, आणि त्यांच्या नातवाच्या बारशाला तेवढंच परत जातं. नोंद दोन्हीकडे होते. आपली वही आभार मानत नाही, पण विसरतही नाही.

औक्षणाचं नीट ऐका, कारण इथे अग्निशमन दलाचा संबंध येतो. तबक, निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता, हळदकुंकू, सगळं न्या. तूप तिकडे मिळतं. मात्र निरांजन लावण्याआधी छतावरचं ते पांढरं गोल यंत्र शोधा. ते धूर ओळखतं, भक्ती ओळखत नाही. कापूर तर बॅगेतून काढूच नका. स्टुलावर चढून यंत्रावर टॉवेल धरायला नवऱ्याला उभं करा, पण वाढदिवस त्याचाच असेल तर ओवाळायचं कोणाला, हा प्रश्न उरतो. स्टुलावरच ओवाळा. देवही उंचावरच असतात.

मेणबत्त्या फुंकाव्यात का, यावर इंदिरानगरच्या घरी आणि ऱ्हाइनकाठच्या घरी एकाच वेळी वाद होईल. आई म्हणेल, शुभ दिवशी ज्योत विझवायची नाही. मुलगी म्हणेल, विझवली नाही तर इच्छा पुरी होत नाही. तोडगा असा की पेटत्या मेणबत्त्यांसकट केकच तबकासारखा उचलून ओवाळावा, मग मुलीला फुंकू द्यावं. दोन्ही धर्म राहतात आणि तिच्या थुंकीचे तुषार खाणं फक्त बाबांच्या वाट्याला येतं.

आई नाशिकहून व्हिडिओ कॉलवर ओवाळणारच. त्यासाठी फोन उभा ठेवायला तांदळाचा डबा, समोर पाट, बाजूला बाबा दिशा सांगायला. तुमचं काम एकच, हलायचं नाही. पडद्यावरच्या कपाळाला कुंकू लावण्याच्या भरात ती एखाद्या वेळी कॅमेऱ्याच्या भिंगाला लावेल. पुढची दहा मिनिटं तुम्हाला तिचं घर लालभडक दिसेल. काही बोलू नका. "दिसतंय ना रे?" असं ती विचारेल, दिसतंय म्हणा.

आणि तरीही खरा वाढदिवस तुमच्याशिवाय सिडकोतल्या चौकात झालेला असेल. तुम्ही म्युनिकला गेलात म्हणून मित्रांनी फ्लेक्स लावायचा नाही, असा कुठे नियम आहे? (आहे. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा १९९५ चा आहे, आणि २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही बेकायदा फलकांबाबत महापालिकांना खडसावलं आहे. "भाऊ, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," असं यावर फ्लेक्सवाल्याचं म्हणणं पडतं.) त्यावर तुम्ही गॉगल लावून, फोन कानाला लावून, आयफेल टॉवरसमोर उभे असाल, कारण परदेशाचा तेवढाच फोटो त्याच्याकडे असतो. खाली पासपोर्ट आकाराचे शुभेच्छुक. त्यांतले निम्मे तुम्हाला ओळखत नाहीत, उरलेल्यांना येत्या महापालिकेत तिकीट हवं आहे. केकही कापला जाईल, तुमच्या वतीने. तलवारीने कापू नका, एवढा निरोप मात्र वेळेवर धाडा. त्यावर शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल होतात आणि फिर्यादीत 'वाढदिवस कोणाचा' हा रकाना तुमच्या नावाने भरला जाईल.

तिकडे ज्याचा वाढदिवस त्यालाच कामाला लावतात. आपल्याकडे त्याला नुसतं हजर राहावं लागतं, आणि आता तेवढीही अट उरलेली नाही.

काही वर्षांनी परत याल. येताना तिकडच्या चांगल्या सवयी आणाल, हे गृहीतच आहे. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये मुलाचा वाढदिवस ठेवाल आणि व्हॉट्सअॅपवर टाकाल : संध्याकाळी ६ ते ८. नातेवाईक '८' वाचतील आणि ती सुरू होण्याची वेळ समजतील. आठला तुम्ही खुर्च्या आवरायला घ्याल तेव्हा नाशिक रोडहून काकांचा फोन येईल, "निघतोच आहोत, लोकेशन टाक." लोकेशन टाका. काकूंना केक कापताना पाहायचा असतो, म्हणून केक पहिल्यापासूनच दोन मागवा, आणि मुलाला सांगून ठेवा की दुसऱ्यांदा फुंकतानाही पहिल्याइतकंच आश्चर्य दाखवायचं.