‘दूध नव्हे, विष’ या रिव्ह्यूला डेअरीमालकाचं उत्तर
नमस्कार सर,

दूध तापवताना नासलं, पाहुण्यांसमोर पंचाईत झाली, त्याबद्दल माफी मागतो. पिशवी बदलून देऊ, त्याचं काही नाही. पण ‘दूध नव्हे, विष’ आणि ‘इथं टेस्टिंग नुसतं नावाला’ हे वाचून पोटात गोळाच आला. नेहमीची गिऱ्हाइकं फोन करून विचारतायत.

लॅबच्या रिपोर्टात जंतू भरमसाट आलेत म्हणता. येणारच! तुम्हीच लिहिलंय की उरलेलं दूध जॅमच्या धुतलेल्या बरणीत भरलं, ऑफिसात नेलं आणि संध्याकाळी घरी जाताना लॅबला दिलं. अहो, तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेतात, झाकणाला आतून बोटसुद्धा लागू देत नाहीत आणि लॅबपर्यंत बर्फात नेतात. कोमट दुधात काही जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. दिवसभरात किती झाले असतील, हिशोब तुम्हीच करा. तो रिपोर्ट आमच्या दुधाचा कमी आणि तुमच्या बरणीचा जास्त आहे. अन्नसुरक्षा अधिकारी न सांगता येतात, तेही बंद पिशवी सील करून शीतपेटीत नेतात, ते उगाच नाही.

आणि त्याच रिपोर्टची खालची ओळ? ‘फॉस्फटेज : निगेटिव्ह’. कच्च्या दुधातलं हे एन्झाइम नष्ट व्हायला टीबीच्या जंतूंपेक्षा थोडी जास्तच उष्णता लागते. ते सापडलं नाही, म्हणजे आमचं पाश्चरायझेशन, ७२ अंशांवर १५ सेकंद, नीट झालंय. तुमच्या फोटोत ही ओळ आहे, लिहिताना मात्र गाळलीत. (नंतर घाण शिरली का, ते कोलिफॉर्म या घाणीतून येणाऱ्या जंतूंवरून कळतं. ती टेस्ट तुम्ही करूनच घेतली नाही.)

‘आजच्या दुधाचा रिपोर्ट आजच दाखवा’ म्हणता, तर प्लेटवर जंतू वाढून मोजायला २ ते ३ दिवस लागतात. दूध तोवर थांबत नाही. म्हणून टँकर आला की आधी आम्लता, अल्कोहोल टेस्ट (दूध तापवल्यावर टिकेल का, ते कळतं) आणि अँटिबायोटिकची पट्टी (दुधात औषधाचा अंश आहे का, ते दाखवते) बघतो, मगच पाइप जोडतो.

डिलिव्हरीच्या वेळेबद्दलही तुम्ही लिहिलंय, त्याचं काय करता येईल ते बघतोय, पिशवीवरची ‘थंड ठेवा’ ही सूचनाही जरा मोठी करू. पुन्हा शंका आली तर न उघडलेली पिशवी थंडच घेऊन या, तुमच्यासमोर सील करून लॅबला पाठवू, खर्च आमचा. तेवढा ‘विष’ शब्द काढता आला तर बघा.